गाळ कुणाचा?

दरवर्षी मुंबई तुंबते अन् दरवर्षी बोट आमच्या झोपडपट्टीकडं. म्हणे, नाल्यात कचरा आम्हीच टाकतो! मग मिठीवरनं विमानाची धावपट्टी कुणी नेली? तिच्या काठच्या खाजणात भर टाकून वांद्रे-कुर्ला संकुल कुणी उभं केलं? आमच्या झोपड्यांनी?

१९९३ साली दोन कागद निघाले. पहिला ब्रिमस्टोवॅड अहवाल : नाले ताशी २५ नव्हे, ५० मिलिमीटर पाऊस पेलतील असे करा. दुसरा कायदा : माणसाला हातानं मैला उचलायला लावू नका. पहिला धूळ खात होता. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला, बंगल्यांतही पाणी शिरलं, अन् फाइल पळायला लागली. पंप आले. हिंदमाताचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या आल्या. येऊ देत, पाणी आमच्याही घरात शिरतं.

पण दुसऱ्या कागदाचं काय? २०१३ला तोच कायदा नव्यानं लिहिला, तरी गटारात उतरतो तो आमचाच भाऊ. कंत्राटी. ना हातमोजे, ना कायम नोकरी. यंत्र पाण्यासाठी, जात गाळासाठी!

दोस्तहो, पावसाळ्याआधी वॉर्ड ऑफिसात घुसा अन् एकच विचारा : नालेसफाईच्या टेंडरात माणसाचा भाव काय लावलाय?