डब्यातली भुकटी आणि पोत्यातली डाळ

धान्य, डाळी, तेल आणि किराणा हे आपल्या पुष्कळ सभासदांचे पिढीजात व्यवसाय होत. त्या दुकानांच्या फळ्यांवर अलीकडे एक नवा माल येऊन बसला आहे. मोठाले काळे-सोनेरी डबे, त्यांवर पीळदार दंडाचे चित्र, आणि आत प्रथिनांची भुकटी. घरातील तरुण हा डबा मागतात. वडीलधारी मंडळी त्याला विष समजून नाके मुरडतात. एका बाजूस आंधळी भक्ती व दुसऱ्या बाजूस आंधळी भीती असा हा प्रकार आहे. भक्ती व भीती या दोहोंनाही तराजूत स्थान नाही. म्हणून या मालाची पारख आपण व्यापाऱ्याच्या रीतीने, वजनमाप करून करावी, असे आम्हांस वाटते.

पहिला गैरसमज असा की, ही भुकटी म्हणजे काही गुप्त औषध अथवा उत्तेजक द्रव्य आहे. वस्तुतः ती अन्नच होय. घरी दूध फाडून पनीर केले असता जे हिरवट पाणी उरते, तेच परदेशी दुग्धव्यवसायात चीज करताना उरते. सुमारे १०० लिटर दुधापासून १० किलो चीज होते आणि ९० लिटरांच्या आसपास हे पाणी उरते. दुधातील प्रथिनांपैकी पाचवा हिस्सा त्यात असतो. एके काळी ते नदीनाल्यांत सोडून देत किंवा जनावरांना पाजीत. पुढे सूक्ष्म गाळण्यांनी त्यातील प्रथिने वेगळी काढून वाळवण्याची विद्या हाती आली आणि टाकाऊ वस्तूची भारी किमतीची 'व्हे' भुकटी झाली. सोयाबीन व वाटाणा यांपासूनही अशी भुकटी काढतात. दूध वा डाळ यांहून निराळे असे कोणतेही सामर्थ्य तिच्यात नाही.

दुसरा गैरसमज आपल्या समाजाच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. मांस व अंडी न खाणाऱ्याला डब्यावाचून गत्यंतर नाही, असे आमच्या मुलांना सांगितले जाते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या गृहस्थाला सुमारे ५० ग्रॅम झाली. आता आपल्या ताटाचा जमाखर्च मांडू. २०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या-भाकऱ्यांतून २० ग्रॅम, ६० ग्रॅम तुरीच्या वा मुगाच्या डाळीतून १३ ग्रॅम, अर्धा लिटर दूध-दह्यातून १६ ग्रॅम आणि मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांतून ६ ग्रॅम. बेरीज ५५ ग्रॅम होते. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात पुरेसे. वरणभात, खिचडी व डाळ-भाकरी ही जोडी आपल्या आज्यांनी रसायनशास्त्र न शिकता जमविली, ती शास्त्राच्या कसोटीवरही टिकली आहे.

परंतु येथे एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. वरील ताट आपल्या सर्व घरांत खरोखर वाढले जाते काय? पातळ आमटीची एक वाटी, पोळ्यांवर तुपाची धार, पुढे फरसाण व मिठाई, असे जेवण जेथे चालते तेथे शाकाहार असूनही प्रथिनांची तूट पडते. ही तूट शाकाहाराची नव्हे, आपल्या आळसाची आहे. डाळीच्या व्यापाऱ्याच्याच घरी डाळ पातळ व्हावी, यापरते आश्चर्य कोणते?

तिसरा गैरसमज, जितकी भुकटी अधिक तितके बळ अधिक. स्नायू भुकटीने वाढत नाहीत. ते मेहनतीने वाढतात आणि प्रथिने त्यांना केवळ सामग्री पुरवितात. गवंड्याने कामच केले नाही, तर विटांची रास लावून भिंत उभी राहत नाही. नियमाने भारी व्यायाम करणाऱ्या तरुणाला दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅमपर्यंत प्रथिने लागू शकतात, हे खरे. त्यापलीकडचे प्रथिन शरीर साठवून ठेवीत नाही. ते इंधन म्हणून जाळते अथवा त्याची चरबी करते. बैठी नोकरी करून सकाळ-संध्याकाळ भुकटी पिणारा मनुष्य केवळ पैशांचा चुराडा करीत असतो.

चौथा समज याच्या उलट टोकाचा. भुकटी घेतली की मूत्रपिंडे निकामी झालीच, असे पुष्कळ वडील मानतात. निरोगी मनुष्याला माफक प्रमाणाने असा अपाय होतो, हे सिद्ध झालेले नाही. मात्र ज्याला मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा मधुमेह व रक्तदाब यांमुळे तो होण्याचा संभव आहे, त्याने वैद्यकीय तपासणी व सल्ल्यावाचून डब्याला हात लावू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत भुकटीचे नित्य सेवन टाळण्याचा सल्ला दिला आहे. अशा भुकटीत साखर, कृत्रिम गोडी व कृत्रिम स्वाद असू शकतात, आणि दीर्घकाळ अतिरिक्त सेवनाने हाडे व मूत्रपिंडे यांना धोका संभवतो, असे तीत म्हटले आहे.

मग ही भुकटी कोणाच्याच कामाची नाही काय? तसेही नव्हे. दात गेल्यामुळे चर्वण न होणारे वृद्ध, शस्त्रक्रियेतून उठलेला व अन्नावर वासना नसलेला रोगी, खेळाच्या स्पर्धेसाठी झटणारा मल्ल, यांना डॉक्टरांच्या वा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने तिचा उपयोग होतो. तिची प्रथिने सहज पचतात, हा गुण मान्य केलाच पाहिजे. प्रश्न किमतीचा उरतो. ३० ग्रॅमच्या मापात २४ ग्रॅम प्रथिने असलेल्या एक किलोच्या डब्यात ८०० ग्रॅम प्रथिने भरतात. एक किलो तूरडाळीत सुमारे २२० ग्रॅम. म्हणजे डबा डाळीच्या साडेतीन पटींहून थोडा अधिक. त्याची किंमत मात्र डाळीच्या किती पट आहे, हे सभासदांस आम्ही सांगावयास नको.

पाचवा गैरसमज सर्वांत घातक आहे, आणि तो आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. डब्यावर छापले तेच आत असते, असे गिऱ्हाईक धरून चालते. प्रथिने मोजण्याची जुनी रीत कोपनहेगनच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली काढली. तीत प्रत्यक्ष प्रथिन मोजीत नाहीत. पदार्थातील नत्र मोजून त्यास ६.२५ ने गुणतात. या फटीतूनच लबाडी शिरते. ग्लायसिनसारखे स्वस्त नत्रयुक्त द्रव्य मिसळले की कागदावर प्रथिने वाढलेली दिसतात. चीनमध्ये दुधात पाणी घालून ते लपविण्यासाठी मेलामिन मिसळले गेले. २००८ साली ते उघडकीस आले, तोवर ६ अर्भके दगावली होती आणि सुमारे ३ लाख बालके आजारी पडली होती. आपल्या देशातही २०२४ साली 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ भुकट्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २५ डब्यांवरील प्रथिनांचा आकडा खरा नव्हता, आणि काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीपासूनचे विषही आढळले. मापात पाप म्हणतात ते हेच.

आपणा जैनांना आणखी एक पारख करावी लागते. 'कोलाजेन'ची भुकटी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून किंवा माशांपासून काढतात. 'अल्ब्युमिन' अंड्यापासून येते. हिरव्या चौकोनातील हिरवा गोल पाहिल्यावाचून डबा घरात येऊ नये. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी गोल असे. २०२० च्या नियमांप्रमाणे तेथे आता तपकिरी त्रिकोण असतो, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय काही परदेशी चीज अद्याप वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. म्हणून आपल्या डब्यातील व्हे कोणत्या चीजपासून निघाले, हे उत्पादकास पत्राने विचारण्याचा हक्क प्रत्येक विक्रेत्याने बजावावा.

आमचे सांगणे एवढेच की, सभासदांनी हा माल विकावा की न विकावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु विकावयाचा तर काही पथ्ये पाळावीत. पक्क्या पावतीवाचून व अधिकृत वितरकावाचून तो घेऊ नये. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, खेप क्रमांक व मुदत पाहावी. 'औषध म्हणून वापरू नये' अशी सूचना डब्यावर असतानाही तोंडाने तो औषध म्हणून खपवू नये. कोवळ्या वयाच्या मुलाने डबा मागितल्यास त्याच्या पालकांशी बोलावे. आपल्या संघानेही वर्षातून एकदा बाजारातील काही डबे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेऊन निष्कर्ष सभासदांपुढे ठेवावेत. त्यास येणारा खर्च सर्वांनी वाटून घेतला तर कोणासही जड जाणार नाही.

या विक्रीत नफा मोठा आहे, हे आम्ही जाणतो. पण आपल्या पेढ्यांची पत नफ्यावर उभी राहिलेली नाही. जे सांगितले तेच तोलून दिले, या विश्वासावर ती उभी आहे. गिऱ्हाइकाने डबा मागितला असता, "आपल्याला याची खरी गरज आहे काय?" असे विचारून एखाद्या वेळी त्याला डब्याऐवजी दोन किलो मूगडाळ व पावशेर शेंगदाणे बांधून देणारा दुकानदार त्या दिवशी थोडे कमी कमावील, परंतु ते गिऱ्हाईक त्याच्याकडे पुन्हा येईल, आणि उद्या आपल्या मुलालाही त्याच दुकानात पाठवील.