सोळा गाठींची गोलाई



लातूरची गंजगोलाई तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. १९१७ साली बांधलेली गोल बाजारपेठ, मधोमध देवीचं देऊळ आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. आज आपण तशीच एक इवलीशी गोलाई दोऱ्याने करू या. बरोब्बर सोळा गाठींची!

या कलेचं नाव टॅटिंग. यात शिवणाची सुई नाही की क्रोशाची सुई नाही. हवा फक्त दोरा आणि एक छोटा धोटा. धोट्याचा आकार होडीसारखा, म्हणून जर्मन लोक याला 'होडीकाम' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आणि मुलग्यांनो, पान उलटू नका हं! पतंगाला कणी बांधता येते ना? मग हेही येईल.

साहित्य : क्रोशाचा १० किंवा २० नंबरचा सुती दोरा, पांढरा आणि लाल. (नंबर जितका लहान तितका दोरा जाड.) धोटा मिळाला नाही तर जाड पुठ्ठ्याचा सात-आठ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या. दोन्ही टोकांना खाचा पाडा आणि त्यावर लाल दोरा गुंडाळा.

गाठ : लाल आणि पांढऱ्या दोऱ्यांची टोकं एकत्र बांधा. ती गाठ डाव्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरा. पांढरा दोरा डाव्या बोटांवरून नेऊन करंगळीला गुंडाळा. आता धोटा पांढऱ्या दोऱ्याच्या खालून न्या आणि वरून परत आणा. ही अर्धी गाठ. मग धोटा वरून न्या आणि खालून परत आणा. झाली पूर्ण गाठ.

पण थांबा, खरी मेख इथेच आहे. प्रत्येक अर्ध्या गाठीला डावी बोटं सैल सोडायची आणि लाल दोरा ताठ ओढायचा. मग गाठ टुणकन उलटते. म्हणजे लालची गाठ पांढऱ्यावर न बसता पांढऱ्याची लालवर बसते. गाठ पांढरी दिसली आणि लाल दोऱ्यावर सरकली, तर जमलं!

गोलाई : आता धोट्यावरचाच दोरा डाव्या हाताभोवती गोल फिरवून चिमटीत धरा. चार गाठी घाला. पुढची गाठ अर्धा सेंटिमीटर अंतर सोडून घाला आणि मग सरकवून जवळ आणा. मधला दोरा कमानीसारखा वर येतो. तो पिको. (साडीचा पिको वेगळा बरं का!) चार गाठी, पिको, चार गाठी, पिको, चार गाठी, पिको, चार गाठी. झाल्या सोळा. धोट्याचा दोरा ओढा, गोलाई मिटेल.

मिटत नाही? मग कुठेतरी एक गाठ उलटलेली नाही. सोळांतली एकच, पण सगळं अडवून बसते. क्रोशाचं काम एका ओढीत उसवतं, तसं हे उसवत नाही. टाचणीने एकेक गाठ सोडवावी लागते, नाहीतर कात्री! म्हणून प्रत्येक गाठ घातली की लगेच सरकवून बघायची.

पहिल्या दिवशी दहांतल्या दोन जमल्या तरी खूप झालं. रुसून धोटा फेकू नका. बोटांना एकदा ती उलटी कळली की हात आपोआप चालतो. आणि जी गाठ सहजी सुटत नाही, तीच लेस वर्षानुवर्षं टिकते.

पुढच्या अंकात अशा गोलाया एकमेकींना जोडून रुमालाची किनार करू. तोवर तुमची पहिली गोलाई वहीत चिकटवून ठेवा, वाकडी झाली तरी!