देवाचा आवाज की आपला मूड?

‘देवानेच मला हे सुचवलं,’ असं कुणी म्हटलं की पुढे बोलणंच खुंटतं. पण ते सुचणं देवाचं, की आपल्या भीतीचं, हट्टाचं? चर्चच्या युवा गटात हे ओळखायला शिकवायला हवं.

१५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोलांचा पाय तोफगोळ्याने मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना एक गोष्ट जाणवली. शौर्याची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र नंतरही समाधान देत राहायचा. म्हणजे बघायचं ते हे, की नंतर काय उरतं!

त्यांचा आणखी एक नियम: मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नका. केटी लागली त्याच रात्री कॉलेज सोडायचं ठरवू नका, इतकं हे साधं आहे.

वसईतला युवा गट असो की मुंबईतला, तिथे तयार उत्तरांपेक्षा ही पारख द्या. आणि मित्रांनो, तुम्हीही ती मागून घ्या. नाहीतर कोर्स असो, लग्न असो की सेमिनरी, दुसऱ्याची इच्छा ‘देवाची इच्छा’ म्हणून तुमच्या गळ्यात पडेल.