हीरचा निकाह कोणी पढवला?

हीरला विष कोणी दिलं, हा प्रश्न सोपा आहे. वारिस शाहने त्याचं उत्तर लिहून ठेवलंय: तिच्याच भाऊबंदांनी. हीर आणि रांझा मेले ते कोणामुळे, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. तिथे आपल्यातले दीनदारही पळवाट काढतात आणि पुरोगामीही.

मध्यंतरी मुलींसाठी भरवलेल्या एका इस्लाही जलशात वक्त्याने लैला-मजनू, शीरीं-फरहाद, हीर-रांझा अशी यादीच वाचून दाखवली. आई-बापाच्या मर्जीविरुद्ध दिल लावलं की काय होतं, ते बघा म्हणाला. चार दिवसांनी स्टाफरूममध्ये माझा एक सहकारी, चांगला वाचणारा माणूस, हाच विषय निघाल्यावर म्हणाला, "मॅडम, शेवटी धर्मानेच मारलं ना त्या पोरीला?" एकाने गुन्हा इश्काच्या नावावर टाकला, दुसऱ्याने इस्लामच्या. दोघांनीही वारिस शाह वाचलेला नाही, असा मला दाट संशय आहे.

तसा आपल्याकडे तो फारसा कोणी वाचलेला नसतोच. बहुतेकांना हीर-रांझा ठाऊक आहेत ते चेतन आनंदच्या १९७० च्या सिनेमामुळे. राजकुमार, प्रिया राजवंश, कैफी आझमींनी पद्यात लिहिलेले संवाद, आणि हीरच्या काकाच्या कामात प्राण. प्राण पडद्यावर आला की गुन्हेगार कोण, हे वेगळं विचारावं लागत नाही. पंजाबात 'कैदो' हे नाव म्हणजे शिवीच झालीय. लंगडा, चहाडखोर, दुसऱ्याच्या सुखावर जळणारा काका. (खलनायक लंगडाच का असावा लागतो, हे कोणीतरी एकदा लिहायला हवं.)

मूळ किस्सा वाचला की चित्र पालटतं. वारिस शाहने तो १७६६ साली मलका हांस या गावी पुरा केला. त्यात काझी तीनदा येतो. एकच काझी नव्हे, तीन गावांचे तीन.

पहिला तख्त हजाऱ्याचा. रांझाचा बाप मौजू वारल्यावर भाऊ जमिनीची वाटणी करतात. काझी आणि पंच येतात, लाच घेतात, आणि चांगली जमीन भावांकडे जाऊन पडीक तुकडा रांझाच्या वाट्याला येतो. भावाभावांचे हिस्से सारखे, हे मदरशातल्या लहान पोरालाही येतं. काझीला येत नसेल असं कोण म्हणेल? रांझा रुसून घर सोडतो, वाटेत एका मशिदीत मुल्लाशी वाद घालतो, चिनाब ओलांडतो आणि हीरला भेटतो. म्हणजे जगातली ही एवढी मोठी प्रेमकहाणी सुरू होते ती एका काझीने खाल्लेल्या पैशामुळे. माझ्या माहितीतला एकही माणूस ही कहाणी सांगताना इथून सुरुवात करत नाही.

दुसरा काझी झंगचा. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

तिसरा राजा अदलीच्या दरबारातला. हीर सासरहून रांझाबरोबर निघून जाते, खेडे त्यांना पकडतात, मामला दरबारात येतो. काझी हीर खेड्यांच्या हवाली करतो, रांझाला खोटा जोगी ठरवतो. मग दोघांची आह लागते, शहराला आग लागते, राजा घाबरतो आणि हीर रांझाला परत देतो. राजाच्या नावातच 'अदल' आहे. पण इन्साफ करायला त्याला आग लागावी लागली, काझीच्या किताबांनी ते काम झालं नाही. वारिस शाह इथे हसतोय असं मला दर वेळी वाटतं.

आता झंग. हीर ही चुचक सियालची मुलगी. सियाल म्हणजे त्या मुलखातले सरदार. रांझा तिच्या बापाच्या म्हशी राखणारा चाकर. कैदो फकिराचं सोंग घेऊन रांझाकडून चुरी, म्हणजे आपला मलिदा, मागून आणतो आणि पुरावा म्हणून भावकीत दाखवतो. चुचक भावांना विचारतो. रांझ्यांना मुलगी द्यायची नाही, आपल्या इभ्रतीला शोभत नाही, असं ठरतं. रंगपूरच्या सैदा खेड्याशी सोयरीक होते. दोन्हीकडची माणसं कलमा पढणारी, दोन्हीकडचे जाट, तरी हा उच्च आणि तो नीच. आपल्याकडे बागवानाने पिंजाऱ्याकडे आणि सय्यदाने कोणाहीकडे मुलगी देण्याची गोष्ट काढून पाहा, म्हणजे झंग फार लांब नाही हे कळेल.

निकाहाच्या दिवशी काझी हीरपुढे बसतो. हीर नकार देते. रडून नाही, मान फिरवून नाही, तोंडाने. ती काझीशी हुज्जत घालते. माझी रजामंदी नसताना निकाह कसला, असं विचारते. माझा निकाह रूहांच्या दिवशीच रांझाशी लागलाय म्हणते. लाच खाणाऱ्यांचं काय होईल तेही सुनावते. काझी आधी समजावतो, मग दोजखची भीती घालतो, मग जगायचं असेल तर शरीयत मान अशी धमकी देतो. शेवटी तिचा होकार न घेताच निकाह पढून तिला डोलीत घालून टाकतो.

माझी फिर्याद या माणसाविरुद्ध आहे.

कैदोने चहाडी केली. चहाडीने कोणी कोणाची बायको होत नाही. चुचकने खेड्यांना शब्द दिला. बापाच्या शब्दानेही निकाह होत नाही. 'नाही'चं 'हो' करून दाखवायचा अधिकार त्या गावात एकाच माणसाकडे होता आणि तो त्याने वापरला. त्या क्षणापर्यंत हीर ही एक हट्टी मुलगी होती. त्यानंतर ती परक्याची बायको झाली, रांझा परक्याची बायको पळवणारा झाला आणि सियालांची इभ्रत वेशीवर टांगली गेली. पुढे ते रांझाला गोड बोलून वरात आणायला तख्त हजाऱ्याला पाठवतात आणि मागे हीरला विष देतात, ते याच इभ्रतीपायी. विष देणारे हात सियालांचेच, त्यांची सुटका मी करत नाही. पण त्यांनी ते गुपचूप दिलं. काझीने आपलं काम भर मांडवात केलं आणि लोक जेवून गेले.

काझी बिचारा काय करणार, गाव चुचकचं, असं कोणी म्हणेल. खरं आहे, चुचक त्याचं घर उठवू शकत होता. पण त्याच बैठकीत एक पोरगी त्याच चुचकपुढे बोलत होती आणि तिच्या जिवाला धोका काझीपेक्षा कितीतरी जास्त होता.

आता जलशातल्या वक्त्यांसाठी. वारिस शाहच्या कितीतरी आधी, अकबराच्या काळाशी जोडला जाणारा दामोदर हा कवी हीर लिहून गेलाय. त्याच्या किस्स्यात दोघं मरत नाहीत, मक्केच्या वाटेला लागतात. दिल लावण्याची शिक्षा मौतच असती तर दामोदरच्या हीरलाही ती झाली असती. रांझाचा दोष काढायचाच तर एवढाच, की ज्यांनी एकदा फसवलं त्यांच्यावर त्याने दुसऱ्यांदा विश्वास टाकला. हीर म्हणजे रूह, रांझा म्हणजे अमुक, हा सूफी अर्थही मला प्रिय आहे, पण तो पांघरून विष झाकता येत नाही.

आणि माझ्या सहकाऱ्यासाठी. हीर त्या मांडवात शरीयतच्या विरुद्ध बोलत नाहीये. ती शरीयतच बोलतेय. धमकी काझीच्या तोंडी आहे. वारिस शाह स्वतः सय्यद, कसूरला दीनी तालीम घेतलेला. कोणाच्या तोंडी काय घालतोय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बुखारीत हजरत खन्सा बिन्त खिदाम (रजि.) यांचा वाकया आहे. त्यांची आधी शादी झालेली होती. बापाने दुसरा निकाह त्यांच्या मर्जीविरुद्ध लावून दिला. त्या प्रेषितांकडे (स.) गेल्या आणि प्रेषितांनी (स.) तो निकाह रद्द ठरवला. कुमारिका मुलीचीही अशीच तक्रार अबू दाऊदमध्ये आहे. तिला निवडीचा हक्क दिला गेला. बरीरा (रजि.) यांची गोष्ट तर आमच्या इश्कवाल्यांनीही ऐकावी. गुलामीतून सुटल्यावर त्यांनी नवऱ्याला, मुगीस (रजि.) यांना, सोडलं. मुगीस रडत रडत मदिन्याच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे फिरायचे. प्रेषितांनी (स.) मध्यस्थी केली. बरीरांनी विचारलं, हा हुकूम आहे का? उत्तर मिळालं, नाही, फक्त शिफारस. मग त्यांनी नकार दिला, आणि तो नकार राहिला. प्रेषितांची शिफारस जिथे एका बाईची 'नाही' ओलांडत नाही, तिथे झंगचा काझी कोण?

मसलकाचा मुद्दा काढणारे असतात, म्हणून तेही सांगते. कोकणातल्या आपल्या शाफई भावंडांच्या जुन्या किताबांत कुमारिकेच्या बापाला जास्त अधिकार दिलाय. पंजाब मात्र हनफी मुलूख. इमाम अबू हनीफांच्या मते बालिग, समजदार मुलीचा निकाह तिच्या इजाजतीशिवाय होतच नाही. जबरदस्तीने का होईना, तोंडून 'कबूल' निघालं की निकाह झाला, असं सांगणारे जुने हनफी फकीह आहेत, हेही मला ठाऊक आहे. हीरने तेवढंही म्हटलं नव्हतं. त्या काझीने स्वतःचाच मसलक मोडला.

राहिली खामोशी. कुमारिकेचं गप्प राहणं म्हणजे होकार, ही सवलत लाजणाऱ्या मुलीसाठी आहे. तिला तोंडाने 'हो' म्हणायची शरम वाटते म्हणून. आपण ती सवलत घाबरलेल्या मुलीवर लावतो.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका खोलीत बसले होते. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, बारावी झालेली. तिचा कोणी रांझा नव्हता. तिला फक्त तो मुलगा नको होता आणि तिने घरात तसं दोनदा सांगितलं होतं. आई मला म्हणाली, "आपा, तुम समझाओ ना इसको. तुम्हारी सुनती है." मी समजावलं. शिकवायची सवय असल्यामुळे मुद्देसूद समजावलं: हॉल ठरलाय, पत्रिका वाटून झाल्यात, अब्बांची तब्येत, मागे दोन बहिणी. ती ऐकत राहिली. मग वकील आणि दोन गवाह दाराशी आले. नाव सांगितलं, मेहर सांगितला, इजाजत विचारली. ती रडत होती. कोणीतरी म्हणालं, लाजतेय. एका खालाने ओढणीवरून तिच्या मानेवर हात ठेवला आणि मान खाली गेली. "हाँ बोली, हाँ बोली." गवाह वळले. पाच मिनिटांत बाहेर छुहारे वाटले गेले.

काझीसाहेब त्या खोलीत आलेच नव्हते. झंगच्या काझीने निदान मुलीचं तोंड तरी ऐकलं होतं.

दोन वर्षांनी तिने खुला घेतला. आता ती नोकरी करते, बाजारात भेटली की सलाम करते. त्या सलामाला जवाब देताना माझी नजर खाली जाते.

निकाह पढवणारे आधार कार्ड मागतात, शाळेचा दाखला मागतात, फोटो मागतात, आणि ते बरोबरच आहे. मग मुलीचा होकार तेवढा हॉलमध्ये, चारशे माणसं जेवायला बसायची असताना, दारातून का विचारायचा? पत्रिका छापायच्या आधी विचारा. बाप, चाचा, मामू खोलीत नसताना विचारा. मुलीचा विश्वास असेल अशी एखादी बाई सोबत घ्या. आणि ती 'नाही' म्हणाली, तर काझीने स्वतः बाहेर येऊन सांगावं की हा निकाह मी पढवणार नाही. घरच्यांपुढे उभं राहायची ताकद अठरा-वीस वर्षांच्या पोरीकडून मागायची आणि दाढीवाल्या, शिकलेल्या माणसाला त्यातून सूट द्यायची, हे कुठलं दीन? आमच्यासारख्या समजूत काढणाऱ्या आपांनाही सूट नको.

नवरीजवळ बसायला बोलावलं तर मी आता एक अट घालते. मेहंदीच्या आधी दहा मिनिटं मला मुलीशी एकटीशी बोलू द्या. गेल्या हिवाळ्यात एका घरी ही अट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला, दारापर्यंत सोडायला आले. पत्रिका मात्र नंतर आली नाही.