बाळाची टाळू आणि ‘हलक्या हाताचा’ उपचार

गेल्या आठवड्यात आखाडा बाळापूरच्या ओपीडीत एक तरुण आई चार महिन्यांचे बाळ घेऊन आली. बाळाचे डोके मागून एका बाजूला चपटे झाले होते. पुण्याच्या बहिणीने तिला मोबाइलवर जाहिरात पाठवली होती. डोक्याच्या हाडांवर हलक्या हाताने उपचार, तान्ह्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत सर्वांसाठी! “साहेब, पुण्याला नेऊन हे करून आणू का?” सोबतची आजी म्हणाली, “आमच्या वक्ताला न्हाऊ घालणारी मावशीच चोळून डोकं गोल करायची. त्याला पैसे कशाला?”

दोघींचा समज एकच होता. कवटी हाताने घडवता येते.

या उपचाराला क्रेनिअल ऑस्टिओपॅथी म्हणतात. अमेरिकेतील विल्यम सदरलँड यांनी ती मांडली. त्यांचे पुस्तक 1939 मध्ये आले. कवटीची हाडे किंचित हलतात, मेंदूभोवतीच्या द्रवाला एक लय असते, ती बोटांना कळते आणि हलक्या दाबाने सुधारता येते, असा दावा. पण मोठ्या माणसाच्या कवटीची हाडे एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात. बोटाच्या दाबाने ती सरकत नाहीत. एकाच रुग्णाला दोन उपचारकांनी तपासले, तर दोघांनी मोजलेली लय जुळत नाही, असे अभ्यासांत दिसले. या उपचाराने आजार बरा होतो, असा भरवशाचा पुरावा नाही.

मग लोकांना बरे का वाटते? शांत खोली, कोणीतरी डोक्यावरून हात ठेवून अर्धा तास जवळ बसलेले. ताणाने दुखणारे डोके त्यानेही हलके होते. तान्ह्या बाळाचे संध्याकाळचे रडणे तर तीन-चार महिन्यांनी बहुधा आपोआप थांबते. श्रेय मात्र उपचाराला मिळते. मायेच्या स्पर्शाला माझा विरोध नाही. हलक्या हाताची तेलमालिश घरीच करा. नाका-कानात तेल घालू नका, डोके दाबू नका.

बाळाची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. तोवर ती रोज पाहावी. जुलाब-उलट्या होत असताना टाळू खोल गेली, तर बाळाच्या अंगातले पाणी कमी झाले आहे. ‘टाळू बसली’ म्हणून तेल भरत राहणारे आणि दोन दिवसांनी मलूल बाळ घेऊन येणारे पालक मी पाहिले आहेत. अशा वेळी स्तनपान आणि ओआरएस सुरू ठेवून लगेच दवाखाना गाठावा. बाळ शांत असतानाही टाळू फुगलेली दिसली आणि ताप असला, तर मेंदूज्वराची शंका घ्यावी. घरी थांबू नये.

चपट्या डोक्याचे कारण बहुधा एकाच कुशीची सवय असते. झोपवताना बाळाला पाठीवरच झोपवा, पण मान आलटून-पालटून वळवा. जागे असताना, तुमच्या नजरेसमोर, थोडा वेळ पालथे ठेवा. डोक्यावर हाडाची उभी धार जाणवली किंवा टाळू फार लवकर बंद झाली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडीत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक ही तपासणी मोफत करते.

मोठ्यांसाठीही एक सूचना. अचानक असह्य डोकेदुखी, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा डोके चोळत बसू नका, 108 ला फोन करा.

त्या आईला मी पुण्याला पाठवले नाही. बाळाला कसे झोपवायचे ते दाखवले आणि महिन्याने परत बोलावले आहे.