शकुनीचे कौशल्य

ऑनलाइन पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, असे त्याचे समर्थक बजावतात. मान्य. पण पाच-सहा भिडूंच्या टेबलावर हे कौशल्य सुरू होते कोठे? पत्ते वाटण्याआधीच, टेबल निवडताना. कच्चा भिडू हेरायचा आणि त्याच्या डावीकडे बसायचे. भिडू थोडे, म्हणून त्याच्याशी गाठ वारंवार. सभापर्वातील शकुनीने वेगळे काय केले? द्यूताची हौस असलेला, पण द्यूत न जाणणारा युधिष्ठिर त्याने अचूक निवडला. भंडाऱ्यात धानाचे पैसे मोबाइलवर लावणारा तरुण हा त्याचाच वारस. संसदेने 2025 साली कौशल्य-नशीब हा भेद न मानता पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, ती म्हणूनच योग्य. कौशल्य हा बचाव कसा? आरोपपत्राचे पहिले कलम तेच.