घरचा हिशेब : पेन्शन लावून देणाऱ्याला फी द्यावी का?

भांडुपहून एका वाचकभगिनीने विचारले आहे : "माझे मिस्टर येत्या महिन्यात ५८ पूर्ण करून कारखान्यातून निवृत्त होत आहेत. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून बारा लाखांच्या आसपास हाती येतील. ओळखीचे एक गृहस्थ घरी येतात. ते म्हणतात, सगळे पैसे पेन्शन प्लॅनमध्ये टाका, जन्मभर दरमहा पैसे येत राहतील. सगळी खटपट मी करतो, माझी फी फक्त एक टक्का. द्यावी का?"

ताई, एक टक्का ऐकायला लहान वाटतो. बारा लाखांवर तो बारा हजार होतो. फॉर्म भरणे, झेरॉक्स जोडणे आणि चेक नेऊन देणे एवढ्याच कामाचे ते बारा हजार असतील, तर देऊ नका. त्या कामाचे पैसे त्या गृहस्थांना कंपनीकडून मिळणारच आहेत.

विमा कंपनीची पॉलिसी एजंटामार्फत घेतली की कंपनी त्याला कमिशन देते. २०१६ च्या नियमांत एकरकमी पेन्शन योजनेवर कमिशनची मर्यादा दोन टक्के होती. एप्रिल २०२३ पासून योजनावार मर्यादा गेली आणि कमिशन ठरवणे कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोपवले गेले. दोन टक्केच धरले तरी बारा लाखांवर चोवीस हजार झाले. ते तुमच्याकडून वेगळे मागितले जात नाहीत, पण येतात तुमच्याच पैशांतून. त्यावर आणखी बारा हजार मागणाऱ्याला विचारावे, "दादा, कंपनी तुम्हाला काय देते?" उत्तर सरळ आले तर माणूस बरा. एजंटाशिवाय थेट घेतल्यास काही योजनांत पेन्शन थोडी वाढवून मिळते. हेही शाखेत जाऊन विचारावे. मुलुंड-घाटकोपरला आयुर्विमा महामंडळाच्या शाखा आहेत, त्यासाठी नरिमन पॉइंट गाठायची गरज नाही.

उलट प्रकारही होतो. एजंट म्हणतो, "माझ्या कमिशनमधले निम्मे तुम्हाला परत देतो." चाळीत हे सर्रास चालते, पण १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने त्याला मनाई आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत आहे. त्या लालचीने योजना निवडू नये.

आता मुख्य गोष्ट. हे पेन्शन प्लॅन, ज्याला कागदावर 'वार्षिकी' म्हणतात, ते असते तरी काय? तुम्ही एकरकमी पैसे कंपनीला देता. कंपनी तुम्हाला मरेपर्यंत ठरलेली रक्कम देत राहते. लवकर गेलेल्याच्या पैशांतून जास्त जगणाऱ्याला मिळत राहते, असा तो हिशेब. दर एकदा ठरला की जन्मभर तोच. महागाई वाढली म्हणून रक्कम वाढत नाही (दरवर्षी वाढणारी पेन्शन काही योजनांत मिळते, पण तिची सुरुवात बरीच कमी रकमेने होते).

या प्लॅनमध्ये पर्याय असतात आणि खरी मेख तिथेच आहे. पहिला पर्याय : माणूस असेपर्यंत पेन्शन, तो गेला की सगळे संपले. दुसरा : तो गेल्यावर पत्नीला पेन्शन चालू. तिसरा : पेन्शन थोडी कमी, पण शेवटी मुद्दल वारसाला परत. या तिन्हींची सरमिसळ करूनही पर्याय असतात. पहिल्या पर्यायात दरमहा आकडा सर्वांत मोठा दिसतो. घरी येणारा गृहस्थ तोच आकडा दाखवतो, कारण मोठा आकडा पाहून सही लवकर होते. ताई, अठ्ठावन्न वर्षांच्या कामगाराची बायको बहुधा त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असते आणि बाया जगतातही जास्त. म्हणजे तो गेल्यावर दहा-पंधरा वर्षे तिला एकटीने काढायची असू शकतात. फॉर्मवरच्या एका चौकटीतल्या खुणेवर ती वर्षे अवलंबून असतात. ती खूण नंतर बदलता येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की सहीच्या दिवशी नवऱ्याच्या शेजारी बायको बसलेली असावी आणि "मी गेल्यावर हिला किती?" हा प्रश्न तिच्यासमोर विचारला जावा. आकडा एजंटाच्या तोंडी घेऊ नये, कंपनीच्या छापील कागदावर घ्यावा.

दुसरा प्रश्न, सगळे बारा लाख टाकावेत का? इथे घरी येणारे गृहस्थ बहुधा पोस्टाचे नाव काढणार नाहीत. केंद्र सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ पासून आहे. ती पोस्टात मिळते, बँकेतही मिळते. डिसेंबर २०११ पासून तिच्यावर एजंटाला कमिशन नाही. तेव्हा ती कोण कशाला सांगेल? एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला आणि मर्यादा तीस लाख झाली. दर तीन महिन्यांनी सरकार नवा दर जाहीर करते. पैसे ठेवले त्या दिवशीचा दर पाच वर्षे पक्का राहतो. बारा लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला ९८,४०० रुपये, म्हणजे तिमाहीला २४,६००. मुद्दल तुमचेच राहते. अडीनडीला थोडी कपात सोसून खाते मोडता येते. नवरा-बायकोचे संयुक्त खाते काढता येते. साठ वर्षे पूर्ण नसली तरी पंचावन्नच्या पुढे निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती उघडता येते. पूर्वी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती वाढली. त्यासाठी कारखान्याकडून निवृत्तीचे आणि मिळालेल्या रकमेचे पत्र लागते. हे पत्र शेवटच्या दिवसाआधीच मागून ठेवा. गेट बंद झाल्यावर ऑफिसमधला कारकून हाताला लागत नाही, हे लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या बंद कारखान्यांतल्या कामगारांना सांगायला नको.

तुलनेसाठी हिशेब करू. समजा मुद्दल परत मिळणाऱ्या पेन्शन प्लॅनमध्ये साडेसहा टक्के मिळाले, तर बारा लाखांवर महिन्याला साडेसहा हजार होतात. पोस्टात महिन्याला आठ हजार दोनशे पडतात. फरक सतराशेचा. मग पेन्शन प्लॅन घ्यायचाच कशाला?

घ्यायला कारण आहे. पोस्टाचा दर पाच वर्षांनी पुन्हा नव्याने लागतो. एप्रिल २०२० मध्ये हाच दर ८.६ वरून एकदम ७.४ टक्क्यांवर आला होता. त्या वर्षी ज्यांची मुदत संपली त्यांचे उत्पन्न एका दिवसात घटले. पेन्शन प्लॅनचा दर तसा खाली येत नाही, माणूस नव्वदीपर्यंत जगला तरी. दुसरे कारण आपल्या घरांतले आहे. हाताशी असलेले मुद्दल टिकत नाही. थोरल्याला रिक्षाचे परमिट, पुतणीचे लग्न, गावच्या घराचे छप्पर, डिपॉझिट भरून मोठी खोली. मागणारे परके नसतात आणि कारणे खोटी नसतात. नव्वदच्या दशकात व्हीआरएस घेतलेल्या कितीतरी कामगारांचे पैसे असेच दोन-तीन वर्षांत संपले, तेही दारू-जुगारात नव्हे, घरच्यांच्याच गरजांत. न मोडता येणारे पैसे ही म्हाताऱ्या माणसाला ढालही असते. "बाबा, ते पैसे निघतच नाहीत," असे त्याला खरेपणाने सांगता येते.

म्हणून आमचे मत विचाराल तर बारा लाखांतले मोठे माप पोस्टात आणि चार-पाच लाख पेन्शन प्लॅनमध्ये, तेही पत्नीला पुढे चालू राहील अशा पर्यायात. प्लॅनसाठी फार घाईही नको. वय वाढेल तसा त्याचा दर वाढतो, त्यामुळे हे चार-पाच लाख काही वर्षांनी घातले तरी चालेल. एक-दोन लाख मात्र बँकेत मोकळे असावेत, दवाखान्यासाठी. जास्त टक्क्यांच्या मोहाने पतपेढीत सगळे ठेवू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला हजार रुपयांच्या वर काढता येईना. त्या बँकेचे मुख्यालय भांडुपलाच होते. बँकेतल्या ठेवीचा विमा पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांपर्यंत वाढला, पण तोही पतपेढीला लागू नाही.

कारखान्याच्या फंडाची पेन्शन, म्हणजे १९९५ ची योजना, ती वेगळी. तिला कुणाच्या फीची गरजच नाही. दहा 'डी' नंबरचा फॉर्म भरायचा, कंपनीमार्फत तो भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे जातो. जानेवारी २०२५ पासून ही पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेत मिळू शकते. रक्कम फार नसते. किमान एक हजार हा आकडा सप्टेंबर २०१४ मध्ये ठरला. पण नवऱ्याच्या मागे पत्नीला साधारण निम्मी मिळते. या फॉर्मसाठी पाच हजार मागणारे वांद्र्याच्या ऑफिसबाहेर भेटतील. त्यांना नमस्कार करावा आणि आत जाऊन खिडकीवर विचारावे.

मग सल्ल्याचे पैसे कधीच देऊ नयेत का? तसे नाही. कोणता पर्याय, किती रक्कम, पोस्टात किती, हा विचार नीट करून देणारा माणूस मिळाला तर त्याचे मोल आहे. त्याने ठरावीक रक्कम सांगावी, टक्का नव्हे. टक्केवारीवाल्याला तुमचे जास्तीत जास्त पैसे प्लॅनमध्ये जावेत असे वाटणारच. २०१३ च्या नियमांनुसार 'सेबी'कडे नोंदणी केलेले सल्लागार असतात. एकाच गिऱ्हाइकाकडून फी आणि कमिशन दोन्ही घेण्याची त्यांना मुभा नाही. नोंदणी क्रमांक मागावा. पण त्यांतले बरेच जण मोठ्या रकमांच्या गिऱ्हाइकांसाठी बसलेले असतात. एका बैठकीचे दोन-तीन हजार कुणी घेत असेल तर बारा लाखांच्या निर्णयासाठी ते जास्त नाहीत. त्याहून पुढे जाऊ नये.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१५ पासून लोकांना पेन्शनचे पैसे हवे तसे वापरायची मोकळीक मिळाली. तेव्हा तिथल्या सरकारने पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी 'पेन्शन वाईज' नावाची फुकट मार्गदर्शनाची सोय केली. तिथे बसणारा माणूस काहीच विकत नाही. तसा माणूस आपल्यालाही शोधता येतो. आपल्या वस्त्यांत बँकेतून, पोस्टातून, विमा महामंडळातून निवृत्त झालेले लोक आहेत. त्यांना कमिशन मिळायचे नाही. रविवारी विहारात भेटले की त्यांची एक संध्याकाळ मागावी आणि कागद पुढे ठेवावेत. त्यांनाही बरे वाटेल.

ओळखीच्या माणसाबद्दलही एक शब्द. ते गृहस्थ आपल्यातलेच असतील, रोज जयभीम घालत असतील, मुलीच्या लग्नात राबलेही असतील. नाही म्हणायला जीव होत नाही, हे खरे. तेव्हा नाही म्हणूच नका. "कागद ठेवून जा, मुलगी वाचेल, आठ दिवसांनी सांगतो," एवढे म्हणावे. मुलगी बारावी शिकलेली असली तरी पुरे. वाचू न देता सही मागणाऱ्याचा आग्रह कशासाठी आहे ते तिथेच कळते.

आणि सही आधीच झालेली असेल तर? २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी परत करायला तीस दिवस मिळतात. शाखेत लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. स्टॅम्प ड्युटीसारखी किरकोळ कपात होऊन पैसे परत येतात. दिलेली पेन्शनही त्यातून वजा होते. कंपनीबाहेर कुणाला रोख फी दिली असेल तर ती मात्र या अर्जाने परत येत नाही. दिवस मोजताना पैसे भरल्याची तारीख धरू नये, पॉलिसीचा कागद हाती पडला तो दिवस धरावा. पाकीट पोस्टाने आले असेल तर ते फेकू नका, त्याच्यावर शिक्का असतो.